संशोधनाचे मार्क कोण देतो?

मुळशी तालुक्यातील एका शाळेत विज्ञान प्रदर्शनाचा परीक्षक म्हणून मी गेलो होतो. नववीतील एका मुलीने कडधान्यांतील प्रथिनांवर प्रयोग मांडला होता. मूग, वाल, हरभरा यांचे पाणी वेगवेगळ्या परीक्षानळ्यांत घेऊन त्यात ती कॉस्टिक सोड्याचे द्रावण आणि मोरचुदाच्या द्रावणाचे दोन-चार थेंब टाकी. निळा रंग जांभळा झाला की प्रथिने आहेत, असे समजायचे. याला बाययुरेट परीक्षा म्हणतात. प्रयोग नीटनेटका होता, मुलगीही धीट होती.

तिच्या तक्त्याच्या कोपऱ्यात मात्र वर्तमानपत्राचे एक कात्रण चिकटवलेले होते. पुणे जिल्ह्यातील एका रसायन-संशोधकाचे नाव जगातील आघाडीच्या दोन टक्के शास्त्रज्ञांच्या यादीत आले, अशी ती बातमी. ते संशोधक रक्तातील औषधांचे सूक्ष्म प्रमाण मोजण्याच्या पद्धती शोधतात, त्यांचे इतके शोधनिबंध, त्यांना इतकी ‘सायटेशन्स’, त्यांचा ‘एच-इंडेक्स’ इतका, असे आकडे त्यात होते.

मी मार्क लिहीत असतानाच तिने विचारले, “सर, तुम्ही मला मार्क देताय. पण या शास्त्रज्ञांना मार्क कोणी दिले? आणि पेपर कसला होता?”

प्रश्न मोठा मार्मिक होता. तिथे दोन वाक्यांत मला त्याचे उत्तर देता आले नाही. ते आज तुम्हा सर्वांसमोर मांडतो.

शोधनिबंध आणि त्याच्या शेवटची यादी

एखाद्या शास्त्रज्ञाने नवीन काही शोधले, तर ते त्याच्या वहीत राहून चालत नाही. काय केले, कसे केले, काय आढळले हे सगळे लिहून तो एखाद्या शास्त्रीय नियतकालिकाकडे पाठवतो. त्या विषयातले दोन-तीन जाणकार तो मजकूर तपासतात, शंका काढतात, दुरुस्त्या सुचवतात. मग तो छापला जातो. हाच शोधनिबंध. ही प्रथा बरीच जुनी आहे. लंडनच्या रॉयल सोसायटीचे ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ हे नियतकालिक १६६५ साली निघाले आणि ते आजही निघते.

शोधनिबंधाच्या शेवटी एक यादी असते. आधीच्या कोणकोणत्या शोधनिबंधांचा आपण उपयोग केला, ते तिच्यात प्रामाणिकपणे लिहायचे असते. आपण शेजाऱ्यांकडून शिडी आणली तर ‘शिडी अमक्यांची’ असे सांगतो ना, तसेच हे. या यादीत एखाद्या निबंधाचे नाव येणे, म्हणजे त्या निबंधाला एक ‘सायटेशन’ मिळणे. आपण त्याला ‘उल्लेख’ म्हणू.

यादी मागे पाहते. ‘मी कोणाचा उपयोग केला’ एवढेच ती सांगते. पण ‘माझा उपयोग पुढे कोणी केला’ हे कसे कळणार? त्यासाठी जगातल्या सगळ्या याद्या उलट्या लावायला हव्यात! अमेरिकेतील वकिलांसाठी असे काम पूर्वीच झाले होते. एखाद्या जुन्या निकालाचा आधार पुढे कोणत्या खटल्यांत घेतला गेला, याची सूची तेथे १८७३ पासून निघत असे. यूजीन गारफील्ड या माहितीशास्त्रज्ञाने ही कल्पना विज्ञानासाठी उचलली. १९५५ मध्ये त्याने ती मांडली आणि १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ नावाची भलीमोठी सूची फिलाडेल्फियाहून प्रसिद्ध केली. आज हे काम संगणक करतात. कात्रणातील ‘सायटेशन्स’चे आकडे अशाच सूचींतून येतात.

गारफील्डच्या मनात मुळात काय होते, ते लक्षात ठेवा. एखादी कल्पना कोठून निघाली आणि कोठे पोचली याचा माग काढता यावा, हा त्याचा पहिला हेतू होता. पण मोजता येण्यासारखे काही हाती आले की माणूस ते मोजल्यावाचून राहत नाही. लवकरच या सूचीवरून माणसांना आणि नियतकालिकांना मार्क मिळू लागले.

सर्वांत जास्त उल्लेख कोणाला?

आता तुम्ही अंदाज करा. जगात सर्वांत जास्त उल्लेख मिळालेला शोधनिबंध कोणता असेल? आइन्स्टाइनचा सापेक्षतेवरचा? की वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा?

दोन्ही अंदाज चुकले. २०१४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकाने पहिल्या शंभर निबंधांची यादी काढली, तेव्हा पहिला क्रमांक लागला तो ऑलिव्हर लाउरी आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांच्या १९५१ च्या निबंधाचा. त्याला तोवर ३ लाख ५ हजारांहून अधिक उल्लेख मिळाले होते. डीएनएच्या रचनेचा तो विख्यात निबंध पहिल्या शंभरांत नव्हताच!

लाउरींच्या निबंधात आहे तरी काय? द्रावणात प्रथिने किती आहेत, हे मोजण्याची एक पद्धत. आपल्या मुळशीच्या मुलीची जी बाययुरेट परीक्षा, तिचीच ही सुधारलेली धाकटी बहीण. आधी अल्कधर्मी द्रावणात तांब्याचे आयन प्रथिनाशी जोडून घ्यायचे, मग फोलिनचे अभिकारक टाकायचे. गडद निळा रंग येतो. प्रथिन जितके जास्त, तितका रंग गडद, आणि रंग जितका गडद, तितका त्यातून आरपार जाणारा विशिष्ट रंगाचा प्रकाश कमी. हा प्रकाश उपकरणाने मोजला की प्रथिनाचे प्रमाण कळते. ही पद्धत बाययुरेटपेक्षा सुमारे शंभरपट संवेदनक्षम आहे. त्यामुळे एखाद्या ग्रॅमच्या काही लाखांश भागाएवढे प्रथिनही मोजता येऊ लागले.

रक्त असो, दूध असो की रोगजंतू, जीवरसायनाच्या प्रयोगशाळेत प्रथिने मोजावी लागतातच. म्हणून हजारो संशोधकांनी ही पद्धत वापरली आणि प्रत्येकाने यादीत लाउरींचे नाव लिहिले. खुद्द लाउरींना मात्र हा आपला फार थोर निबंध आहे असे वाटत नव्हते.

यातून पहिला धडा मिळतो. उल्लेखांचा आकडा उपयोग मोजतो, थोरवी नव्हे. विळा घरोघरी असतो, दुर्बीण क्वचित एखाद्याकडे. म्हणून विळा दुर्बिणीपेक्षा श्रेष्ठ ठरत नाही, आणि कमीही ठरत नाही. कात्रणातील संशोधकही मोजण्याच्या पद्धतीच शोधतात. अशा कामाला उल्लेख भरपूर मिळतात, याचे कारण आता तुमच्या ध्यानात आले असेल. उलट, गणितात कमी लोक काम करतात आणि याद्याही लहान असतात. त्यामुळे गणितज्ञाचे शंभर उल्लेख आणि औषधशास्त्रज्ञाचे शंभर उल्लेख एकाच तराजूत घालता येत नाहीत.

सायकलवीर आणि एच-इंडेक्स

कात्रणात आणखी एक आकडा होता, एच-इंडेक्स. तो समजून घेण्यासाठी आपण रस्त्यावर येऊ. रविवारी सकाळी पुण्याहून पिरंगुट, पौडमार्गे मुळशीच्या धरणाकडे निघालेले सायकलस्वार तुम्ही पाहिले असतील. समजा, त्यांच्यापैकी एका नवशिक्याने आपल्या दहा फेऱ्यांचे किलोमीटर वहीत असे लिहिले आहेत, मोठी फेरी आधी, लहान नंतर:

४०, २२, १५, ९, ७, ६, ४, ३, २, १.

बेरीज १०९ किलोमीटर. पण एकट्या पहिल्या फेरीने बेरीज फुगली आहे. मग सातत्य कसे मोजायचे? असे विचारा: निदान १ किलोमीटरची १ फेरी आहे का? आहे. निदान २ किलोमीटरच्या २ फेऱ्या? आहेत. असे करत पुढे चला. निदान ६ किलोमीटरच्या ६ फेऱ्या आहेत. पण ७ किलोमीटरच्या किंवा त्याहून मोठ्या ७ फेऱ्या नाहीत, पाचच आहेत. तेव्हा याचा अंक ६.

ही युक्ती प्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन यांची. त्यांना सायकलीचा भारी नाद होता. त्यांचा स्वतःचा अंक ८४ होता, म्हणजे निदान ८४ मैलांची दौड त्यांनी ८४ दिवस केली होती!

आता ‘फेरी’ऐवजी ‘शोधनिबंध’ म्हणा आणि ‘किलोमीटर’ऐवजी ‘उल्लेख’ म्हणा. झाला तुमचा एच-इंडेक्स तयार. २००५ मध्ये जॉर्ज हिर्श या कॅलिफोर्नियातील भौतिकशास्त्रज्ञाने तो सुचवला. ज्याच्या ६ निबंधांना प्रत्येकी निदान ६ उल्लेख मिळाले आहेत, पण ७ निबंधांना प्रत्येकी ७ नाहीत, त्याचा एच-इंडेक्स ६.

दुसरा एक संशोधक घ्या. त्याचे निबंध चारच, उल्लेख ३००, ३, २ आणि १. बेरीज ३०६, म्हणजे पहिल्याच्या जवळजवळ तिप्पट. पण एच-इंडेक्स? फक्त २! दोघांत मोठा कोण? बेरीज एक उत्तर देते, इंडेक्स दुसरे. मोजपट्टी बदलली की क्रम बदलतो, हा दुसरा धडा.

दोन टक्क्यांची ती यादीही अशीच एक मोजपट्टी आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्राध्यापक जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी ती २०१९ पासून काढत आले आहेत. एकूण उल्लेख, एच-इंडेक्स, लेखकांच्या नावांतील स्थान अशा सहा गोष्टी एकत्र करून ती बनते, आणि तुलना त्या त्या विषयापुरती केली जाते. स्वतःच स्वतःचे केलेले उल्लेख वगळूनही हिशेब दिलेला असतो. तेव्हा यादी काळजीपूर्वक केलेली आहे. पण तिच्यासाठी कोणी परीक्षेला बसत नाही, आणि त्या संशोधकाच्या प्रयोगशाळेत पाऊल ठेवून कोणी मार्कही देत नाही. याद्यांची ती मोजणी असते, एवढेच.

आकड्याला न दिसणारे

मोजणीतून काय निसटते, हे आपल्याच महाराष्ट्रातील दोन उदाहरणांवरून पाहू.

कमला भागवत ही मुंबई विद्यापीठाची हुशार पदवीधर १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागायला गेली. संचालक होते नोबेल विजेते सर सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून त्यांनी तिला प्रवेश नाकारला. तिने हट्ट सोडला नाही. अखेर पहिले वर्ष परीक्षणावर ठेवण्याच्या अटीवर तिला घेण्यात आले, आणि तिने तेथे दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. पुढे केंब्रिजला जाऊन १९३९ मध्ये तिने पीएच.डी. मिळवली. प्राण्यांच्या पेशींत श्वसनाला मदत करणारे ‘सायटोक्रोम सी’ वनस्पतींतही असते, हे तिने तेथे दाखवून दिले. त्या वर्षी रॉबर्ट हिल यांच्याबरोबर तिचा निबंध ‘नेचर’मध्ये आला.

लग्नानंतर त्या कमला सोहोनी झाल्या. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन आपल्या अन्नाचे रासायनिक विश्लेषण केले. कच्च्या कडधान्यांत प्रथिनांच्या पचनाला अडथळा करणारे काही पदार्थ असतात आणि ते शिजवल्याने बरेचसे निकामी होतात. या पदार्थांचा त्यांनी अभ्यास केला. नीरेवरही त्यांनी काम केले. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर स्त्रियांना नीरा दिल्यास प्रकृती सुधारते, असे त्या कामातून पुढे आले. त्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

आता हे काम सूचीत कसे दिसेल? आधीचे निबंध ‘भागवत’ या नावाने, नंतरचे ‘सोहोनी’ या नावाने. सूची करणारे यंत्र ती दोन माणसे समजेल आणि दोघींचा इंडेक्स वेगवेगळा काढेल. एका बाईचे आयुष्यभराचे काम असे दोन तुकड्यांत वाटले जाईल. (अशी गफलत टाळण्यासाठी २०१२ पासून संशोधकांना ‘ऑर्किड’ नावाचा सोळा अंकी क्रमांक मिळतो. नाव बदलले तरी क्रमांक तोच.) आणि नीरा पिऊन अंगावर मांस धरलेले मूल? ते काही शोधनिबंध लिहीत नाही. त्यामुळे त्याच्याकडून उल्लेख येण्याचा प्रश्नच नाही.

दुसरे उदाहरण पुण्याचे. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणारे दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९४४ मध्ये अवघ्या चार पानांचा एक निबंध लिहिला. गुणसूत्रावर दोन जनुके किती अंतरावर आहेत, ते काढण्याचे एक सूत्र त्यात होते. भाताचे नवे वाण काढणारा शास्त्रज्ञ आजही जनुकांचा नकाशा करताना ‘कोसंबी सूत्र’ वापरतो आणि तसा उल्लेख करतो. पण त्याच्या आदल्याच वर्षी, १९४३ मध्ये, त्याच कोसंबींनी गणिताच्या एका भारतीय नियतकालिकात एक महत्त्वाची रीत मांडली होती. तीच रीत काही वर्षांनी युरोपात कारुनेन आणि लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे शोधली, आणि जगभर ती त्यांच्याच नावाने रूढ झाली. माणूस एक, गाव एक, वर्षांत फरक एकाचाच. एका निबंधाचे नाव शेतापर्यंत पोचले, दुसऱ्याचे कपाटात राहिले. कामाच्या गुणाइतकेच ते कोठे छापले, कोणाच्या नजरेस पडले, यावरही उल्लेख ठरतात. हा तिसरा धडा.

तापमापक घासला तर?

शाळा बुडवण्यासाठी तापमापक गरम चहाच्या कपाला लावणारा मुलगा तुम्हाला माहीत असेल! पारा चढतो, ताप मात्र नसतो. आकड्यावर बक्षीस ठेवले की आकडाच तापवण्याचा मोह होतो. चार्ल्स गुडहार्ट या अर्थशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये मांडलेल्या विचाराचा आशय असाच आहे. मोजपट्टीलाच ध्येय केले की ती चांगली मोजपट्टी राहत नाही.

आपल्याकडेही हे घडले. २०१० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी महाविद्यालयीन अध्यापकांच्या बढतीसाठी शोधनिबंधांना गुण ठरवून दिले. हेतू चांगला होता. पण पैसे घ्या आणि काहीही छापा, असा व्यापार करणारी नियतकालिके गल्लोगल्ली उगवली. मलाही एक पत्र आले होते. अमुक रक्कम भरा, निबंध तीन दिवसांत छापू! तीन दिवसांत कोण जाणकार तो तपासणार? तरीही खोटे कशाला सांगू, बढती अडलेली होती आणि मी पैसे भरायला निघालो होतो. आमच्या ग्रंथपाल बाईंनी मला थांबवले. “सर, आधी संपादक मंडळातल्या कोणालाही एक पत्र टाकून पाहा,” त्या म्हणाल्या. मी टाकले. त्या गृहस्थांना आपण संपादक आहोत याचा पत्ताच नव्हता.

२०१८ मध्ये पुण्याच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रकाराची पद्धतशीर तपासणी केली. आयोगाच्या मान्य यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने आलेल्या नियतकालिकांपैकी मोठ्या सूचींत नसलेली १००९ त्यांनी तपासली. त्यांतील ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाची असावीत, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. कोणाचा पत्ता खोटा, कोणाचा क्रमांक चुकीचा, तर कोणाचे गुणांकाचे दावे बनावट. हा निष्कर्ष त्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये छापला. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने यादीतून ४३०५ नियतकालिके काढून टाकली.

एवढे मनावर घेण्यासारखे यात काय आहे, असे तुम्ही विचाराल. रक्तातील औषध मोजण्याची एखादी पद्धत चुकीची असेल आणि ती न तपासता छापली गेली असेल, तर उद्या तिच्या भरवशावर कोणा रोग्याला औषध कमी-जास्त दिले जाईल. खोट्या निबंधाची किंमत अखेर असा तिऱ्हाईत मोजतो.

मग आकडे टाकून द्यायचे का?

मुळीच नाही! तापमापकाशी कोणी लबाडी केली म्हणून डॉक्टर तापमापक फेकून देत नाहीत. ते रोग्याची नाडी पाहतात, जीभ पाहतात, चार प्रश्न विचारतात आणि मग पाऱ्याकडे पाहतात. एखाद्या संशोधकाचे आकडे वाचताना तुम्हीही तीन प्रश्न विचारा. एक, याच्या कामाचा उपयोग कोणी केला आणि कशासाठी? दोन, ही तुलना त्याच विषयातल्या, तितकीच वर्षे काम केलेल्या माणसांशी आहे का? तीन, त्याचा एखादा तरी निबंध कोणी उघडून वाचला आहे का? तिसरा प्रश्न सर्वांत सोपा आहे आणि तोच सर्वांत कमी विचारला जातो.

त्या मुलीने कात्रणातील संशोधकांना पत्र लिहून त्यांचा एक निबंध मागवावा, असे मी तिला सुचवले. सगळा कळणार नाही, पण शेवटची यादी नक्की कळेल. प्रथिने मोजण्याची गोष्ट निघाली असेल, तर तीत लाउरींचे नाव सापडण्याचा संभव बराच आहे. आणि तिने तिच्या तक्त्याखालीही अशी यादी लिहावी, असे सांगितले. तिने लगेच पेन काढले आणि लिहिले: ‘मोरचूद – शाळेची प्रयोगशाळा. वाल – आजीकडून. प्रयोगाची कृती – नववीचे पुस्तक.’ आजीला मिळालेला तो पहिला उल्लेख!

करून पाहा

नियतकालिकांना आठ अंकी ‘आयएसएसएन’ क्रमांक दिला जातो. ‘नेचर’चा क्रमांक आहे ००२८-०८३६. पहिल्या सात अंकांना अनुक्रमे ८, ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणा आणि बेरीज करा: ०+०+१२+४०+०+२४+६ = ८२. ८२ ला ११ ने भागल्यास बाकी ५ उरते. ११ मधून ५ गेले की ६. आणि शेवटचा अंक पाहा, ६ च आहे! (वजाबाकी १० आली तर शेवटी ‘एक्स’ लिहितात आणि बाकी शून्य उरली तर ०.) तुमच्या ग्रंथालयातील मासिकांचे क्रमांक असे ताडून पाहा. हिशेब जुळला नाही, तर क्रमांक चुकीचा आहे हे नक्की. जुळला, तर फक्त क्रमांकाचे अंक हिशेबात बसतात एवढेच कळते. आतला मजकूर खरा की खोटा, ते मात्र वाचूनच ठरवावे लागते.